रेडिओवर लाइव्ह वाजवायला येणाऱ्या कलाकारांना बोलतं कसं करायचं? (आणि बोलायला लागले की थांबवायचं कसं)

ट्रान्सहार्बर_प्रवासी

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो, नोकरी आयटीतली, पण गेले तीन महिने दर रविवारी नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओवर फुकट काम करतोय, फुकट म्हणजे अगदी वडापावसुद्धा स्वतःच्या खिशातून. तिथे संध्याकाळी ६ ते ७ असा एक तास मला दिलाय. कल्पना साधी आहे. आसपासचे गाणारे-वाजवणारे बोलवायचे, त्यांनी स्टुडिओत बसून वाजवायचं आणि मधेमधे आपले किस्से सांगायचे. मोठी नावं नकोतच. दिवाळी पहाटेला मागच्या रांगेत बसणारा साथीदार, हळदीत वाजवणारा बेंजोवाला, क्लास घेणाऱ्या बाई, असे लोक. जास्तीत जास्त १०० वॉटची ताकद असते कम्युनिटी रेडिओला, त्यामुळे ऐकू येऊन येऊन आठ-दहा किलोमीटर. आमच्या घरी लागत नाही. आई म्हणते तू रविवारी नक्की जातोस कुठे.

तर प्रॉब्लेम असा की एक तबल्याचे काका आहेत, सत्तरीच्या पुढचे. तलावपाळीच्या कट्ट्यावर भेटलो तेव्हा दोन तास बोलले. ट्रेनमध्ये हातोडी विसरले आणि कार्यक्रमाला तबला लावायला काही नाही, हा किस्सा तर असा रंगवून सांगितला की बाजूचा भेळवाला पण ऐकत उभा राहिला. मी म्हटलं काका हेच रेडिओवर सांगा. आले बिचारे, आठवड्याने, इस्त्रीचा झब्बा घालून. लाल दिवा लागला आणि काकांचा पुतळा झाला. "सुरुवात कशी झाली?" "गुरूंची कृपा." "पहिला कार्यक्रम आठवतो?" "हो." पुढे काही नाहीच!! हातोडीचं विचारलं तर म्हणाले "ते असंच, छोटंसं काहीतरी." वर तबल्याचा सूर पण उतरलेला, पावसातून आलेले, मधे दोनदा थांबून लावावा लागला आणि त्या वेळात मी जे काही बडबडलो ते परत ऐकायची हिंमत नाही.

पुढच्या रविवारी बरोब्बर उलटं. ऑर्केस्ट्रातले कीबोर्डवाले दादा, ४१ मिनिटं बोलले, गाणी दोन. स्टेशनवरच्या मॅडम काचेपलीकडून हात हलवून दमल्या.

मला टायनी डेस्क (अमेरिकेतल्या एनपीआर रेडिओच्या ऑफिसातल्या छोट्या मैफिली) टाइप काहीतरी करायचं होतं आणि झालंय दूरदर्शनवरच्या मुलाखतीसारखं. म्हणून विचारतोय, बोलतं कसं करता, थांबवता कसं, आणि हे लाइव्हच ठेवू की आधी रेकॉर्ड करून लावू?

---

नौपाडेकर_जुने

९० च्या दशकात मी मुंबई आकाशवाणीला कॅज्युअल अनाउन्सर होते, महिन्यातून पाच-सहा ड्युट्या, चर्चगेटला उतरून चालत जायचं. तेव्हा थोडं माझ्याकडून.

माणूस "गुरूंची कृपा" म्हणाला की समजायचं आपला प्रश्न चुकला. सुरुवात कशी झाली, प्रवास सांगा, रियाज किती करता, या प्रश्नांची उत्तरं प्रत्येकाने सत्कारात देऊन देऊन पाठ झालेली असतात, तीच येणार. आणि तुझे काका ज्या पिढीतले आहेत त्या पिढीला रेडिओ म्हणजे परीक्षा वाटायची हे पण लक्षात घे. आकाशवाणीची ऑडिशन म्हणजे आत तू एकटा, बाहेर बसून ऐकणाऱ्यांना तुझं नाव माहीत नाही, मग बी, बी हाय, ए, टॉप असा ग्रेड, आणि तो ग्रेड माणसाला आयुष्यभर चिकटायचा, लग्न जमवताना पण सांगायचे "आमचा मुलगा बी हाय आहे". त्या खोलीत गप्पा मारायची सवयच नव्हती कोणाला. आम्ही अनाउन्सर काय सांगायचो, गायकाचं नाव, राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, संपलं. आमच्या वेळची पेटी तरी नशीबवान म्हणायची, १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवरच बंदी घातली होती ती ७१ पर्यंत उठलीच नाही. म्हणजे एका पिढीच्या पेटीवाल्यांना रेडिओवर नावसुद्धा नाही.

किस्से असायचे ते ड्युटी रूमच्या बाहेर, चहाच्या टपरीवर. एक सारंगीवाले बुवा होते, आत शब्द नाही आणि बाहेर आले की थांबायचे नाहीत. मी एकदा त्यांना गमतीत विचारलं, बुवा हे आत का नाही सांगत. म्हणाले, "आत हात मोकळे नसतात." तेव्हा मला वाटलं सारंगीचा गज धरलेला असतो म्हणून म्हणतायत. नंतर कळलं की उलटं होतं. मुलाखतीला त्यांना वाद्य बाजूला ठेवायला लावायचे आणि बुवांना रिकाम्या हातांचं काय करावं तेच कळायचं नाही.

काकांच्या हातात काहीतरी राहू दे. मुलाखतीचं टेबल काढून टाक.

---

ट्रान्सहार्बर_प्रवासी

ताई तुम्ही खरंच मोठी गोष्ट सांगितलीत, मी काकांना तबल्यापासून उठवून खुर्चीवर बसवलं होतं!! म्हटलं आवाज नीट येईल. तबला तिकडे सतरंजीवर, काका इकडे दोन हात मांडीवर ठेवून.

---

फेडर_वर_बोट

साऊंडवाला आहे, कोपरखैरणे. लग्न, गणपती, कॉर्पोरेट, वाशीच्या भावे नाट्यगृहापासून ठाण्याच्या गडकरीपर्यंत सगळीकडे मिक्सर लावलाय.

पहिलं तबल्याचं. काका ट्रेनने पावसात आले म्हणजे पुडीने (तबल्यावरच्या कातड्याने) ओल खाल्ली, उतरणारच. तुमच्या स्टुडिओत एसी १८ वर असणार, त्या कोरड्या हवेत अर्ध्या तासात तीच पुडी ताणते आणि सूर चढतो. म्हणजे आल्या आल्या लावलास तरी अर्ध्या तासाने परत बोंब. त्यांना पाऊण तास आधी बोलव, तबला पिशवीतून काढून खोलीत नुसता ठेव, खोलीची हवा लागू दे, मग लावा. आणि एकदा लावला की एसीला कोणी हात लावायचा नाही. आवाज येतो म्हणून बंद करतात आणि वीस मिनिटांत खोली भट्टी होते, परत तेच.

दुसरं माइक. बोलायचा माइक वेगळा ठेवू नको, म्हणजे वेगळा असू दे पण तो माणसाकडे आण, माणसाला माइककडे नेऊ नको. काका तबल्यावर बसलेत ना, मग छोटा बूम स्टँड घे आणि एक साधा डायनॅमिक माइक त्यांच्या तोंडापाशी, तबल्यावर वरून एक, हातभर उंचीवर. बास. डग्ग्याला (डाव्या हाताच्या तबल्याला) वेगळा माइक लावायचा मोह होतो, एवढ्याशा खोलीत गरज नाही. लेव्हल बघताना सगळे हळू वाजवतात आणि लाल दिवा लागला की जोरात, त्यामुळे चेकला मीटर -१८ डेसिबलच्या आसपास ठेव, जागा राहू दे वर. नाहीतर पहिल्याच तिहाईला (तीनदा वाजवून समेवर यायचा तुकडा) आवाज फाटतो.

टायनी डेस्कचं म्हणशील तर ते खरंच एका ऑफिसातलं टेबल आहे, २००८ पासून चालू आहे, आणि त्यातली गोम अशी की गाणाऱ्याच्या आवाजाला खोलीत स्पीकरच नसतो. त्यामुळे ड्रमवाल्याला झक मारत हळू वाजवावं लागतं नाहीतर गाणं ऐकूच येणार नाही. म्हणून ते जवळचं वाटतं. कॅमेरे आणि पुस्तकांचं कपाट बघून लोक कॉपी मारतात, हे कोणी करत नाही. तू पण स्टुडिओत मॉनिटर (कलाकारासमोरचा स्पीकर) लावू नको.

तिसरं, आणि हे खरं गुपित. ते दारातून आत आले की रेकॉर्ड दाब. वाद्य बाहेर काढताना माणूस जे बोलतो ते नंतर कधीच बोलत नाही.

---

काळी_दोन

फेडर भाऊ बाकी सगळं मान्य पण तिसऱ्याला माझा साफ विरोध. मी गातो, छोटे-मोठे कार्यक्रम करतो, ठाण्यातच. एका ठिकाणी माझं असंच केलं होतं. नाव घेत नाही. पोचलो, पाणी पीत होतो, बाजूच्याने विचारलं आज गर्दी का कमी, मी म्हटलं अहो आयोजकाने पैसेच दिले नाहीत मागच्या वेळचे तर कोण येणार, आणि ते वाक्य जसंच्या तसं एपिसोडच्या सुरुवातीला! "पडद्यामागचे खरेखुरे क्षण" असं लिहून वर. त्या आयोजकाने मला परत बोलावलं नाही हे सांगायला नकोच.

न सांगता रेकॉर्ड करणं म्हणजे चोरीच आहे ती.

---

फेडर_वर_बोट

अरे न सांगता कोण म्हणालं. दारातच सांगायचं की काका आत्तापासून मशीन चालू आहे, नको असेल ते काढतो. पाच मिनिटांत विसरतात ते, पण सांगायचं. आणि काढतो म्हटलं की खरंच काढायचं.

---

काळी_दोन

मग ठीक आहे. पण ऐकवून काढा, नुसतं काढलं म्हणू नका.

आणि ४१ मिनिटं बोलणाऱ्या कीबोर्डवाल्या दादांसाठी एक साधा उपाय सांगतो. आम्ही गाणारे लोक वाक्य मधे तोडलं तर रागावतो, पण कोणी सूर दिला की आपोआप गप्प होतो, शरीराला सवयच ती. तानपुरा सुरू कर. मोबाइलमधला ॲपचा चालेल. दादांची पट्टी आधी विचारून ठेव आणि बोलणं फार लांबलं की हळूच सोड. बघ काय होतं, वाक्य संपवून बोटं कीबोर्डवर जातात की नाही.

---

नौपाडेकर_जुने

हे भारी आहे. आमच्या वेळी ड्युटी ऑफिसर काचेवर पेनाने टकटक करायचे आणि गायकाचा मूड जायचा तो जायचाच.

---

घणसोलीची_पोर

एक वेगळा अनुभव सांगते, उपयोगी पडेल की नाही माहीत नाही.

आमचं आगरी घर. १९७० साली सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनी गेल्या त्यातलं आमचं गाव. माझी आजी धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवला म्हणायची, हळद, मांडव, तेलवण, प्रत्येकाचं गाणं वेगळं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्यात लग्न लावायला भटजींच्या आधीपासून धवलारीण होती. तर माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टला मी आजीला एका स्टुडिओत नेलं होतं, छान गुबगुबीत फोम लावलेली खोली. आजीने एक ओळ म्हटली आणि थांबली. मी म्हटलं आजी पुढे? म्हणाली "अगो कोणाची हलद हाय? कोणाचीच नाय तर म्हनू कशी?" आणि अजून एक, धवल्याला मागून ओळ उचलणारी दुसरी बाई लागते, एकटीने म्हणायचं गाणंच नाही ते. माइकसमोर ती एकटी.

मग आम्ही रेकॉर्डिंग घरी केलं. शेजारची काकी मागे बसली. मी सूप आणलं, त्यात तांदूळ आणि हळकुंड ठेवलं, खरं लग्न नाही पण निदान हात घालायला काहीतरी. आजी तांदूळ चाळवत चाळवत दोन तास गायली. आणि मधेच थांबून, मी काही न विचारता, सांगायला लागली की हे गाणं ती कुठल्या शेतात शिकली, लावणी चालू होती, तिच्या आत्याने शिकवलं, ओळ चुकली की आत्या चिखलाचा गोळा मारायची. ते शेत आता कुठे आहे विचारलं तर तिने खिडकीतून बोट दाखवलं, समोर सेक्टरमधली पार्किंगची जागा. रेकॉर्डिंगमध्ये तिथे फक्त तीन सेकंद गप्प आहे आणि मागे कुकरची शिट्टी. सर म्हणाले शिट्टी काढून टाक, आवाज खराब होतो. मी नाही काढली.

सांगायचं इतकंच की साथीदाराला पण बोलव. दोघं असले की एकमेकांना सांगतात, तुला काही विचारावंच लागत नाही.

---

फेडर_वर_बोट

शिट्टी ठेवलीस ते बरोबर केलंस. मी पण ठेवली असती.

---

दुपारचा_वकील

गंमत चालू आहे म्हणून मी जरा रुक्ष बोलतो. ट्रान्सहार्बर, तुझे कीबोर्डवाले दादा सिनेमातली गाणी वाजवत असतील तर स्टेशनकडे त्याचं लायसन्स आहे का विचार. कलाकार स्वतः वाजवतोय म्हणून फुकट होत नाही, गीतकार-संगीतकारांचा हक्क राहतोच, ते लायसन्स आयपीआरएसकडून (गीतकार-संगीतकारांची संस्था) घ्यायचं असतं. बरं रेडिओला जे लागू ते इंटरनेटला लागू असं समजू नकोस. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ३१-ड आलं, त्याखाली प्रसारण करणाऱ्याला ठरलेला दर भरून गाणी वापरता येतात, पण ते इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला लागू नाही असं मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये म्हटलंय. तेव्हा एपिसोड यूट्यूबवर टाकणार असशील तर तो प्रश्न वेगळा.

दुसरं म्हणजे काका पारंपरिक कायदा वाजवतात (तबल्यातला कायदा, माझा नव्हे) त्यावर कोणाचा हक्क नसेल, पण त्यांनी जे वाजवलं त्या सादरीकरणावर त्यांचा स्वतःचा हक्क आहे, कलम ३८. तेव्हा एका कागदावर साध्या मराठीत लिहून सही घे, कुठे लावणार, किती वेळा, क्लिप टाकणार का. व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालणार नाही असं नाही, पण कागद बरा.

---

ट्रान्सहार्बर_प्रवासी

वकीलसाहेब कायद्याचा जोक आवडला. कागद करतो.

लाइव्ह की रेकॉर्ड यावर कोणीच बोललं नाही?

---

नौपाडेकर_जुने

लाइव्हच ठेव बाबा, पण मधलं काहीतरी कर. पाच वाजता बोलव, तबला लावणं, चहा, गप्पा हे सगळं सांगून रेकॉर्ड कर, त्यातला चांगला तुकडा सहाच्या कार्यक्रमात लाव आणि काकांना तो ऐकू दे. स्वतःचाच आवाज ऐकला की माणूस म्हणतो "नाही नाही, ते तसं नव्हतं", आणि दुरुस्त करायला म्हणून बोलायला लागतो. दुरुस्ती करण्याची खाज कोणाला नसते. तरी पण वाजवणं मात्र लाइव्हच, चुकलं तर चुकलं. जे एका झटक्यात वाजलं त्याला वेगळी धार असते, आणि समोरच्याला कळतं ते, कसं काय देव जाणे पण कळतं.

---

ट्रान्सहार्बर_प्रवासी

अपडेट, दोन आठवड्यांनी

मंडळी काका परत आले!! त्यांना परत बोलवायलाच मला लाज वाटत होती, पण तेच म्हणाले मागच्या वेळी माझं जमलं नाही.

पाऊण तास आधी बोलावलं. सतरंजी स्टुडिओच्या मधोमध, खुर्ची-टेबल बाहेर. घणसोलीच्या ताईचं ऐकून त्यांच्याबरोबर लेहऱ्याला (तबल्यामागे फिरत राहणारी धून) पेटीवर बसणारे त्यांचे जुने मित्र पण बोलावले, ते ऐरोलीहून आले, दोघांची भेट किती वर्षांनी झाली कोण जाणे, पहिली दहा मिनिटं नुसते एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी. मी दारातच सांगितलं मशीन चालू आहे. काका म्हणाले "चालू दे, आमचं काय जातंय."

तबला अर्धा तास नुसता ठेवला. मग काकांनी पिशवीतून हातोडी काढली आणि तिच्याबरोबर रुमालात बांधलेलं काहीतरी. पेटीवाले म्हणाले "अरे तू अजून तो धोंडा बाळगतोस?" आणि झालं, मला काही विचारावंच लागलं नाही.

किस्सा असा की काकांचा कल्याणला कार्यक्रम होता, हातोडी ट्रेनमध्ये राहिली, गाडी पुढे गेली. प्लॅटफॉर्मवर उतरून बघतायत तर पेटीवाले म्हणाले काकांचं तोंड मेल्यासारखं झालेलं. मग प्लॅटफॉर्मच्या टोकाला उतारावर जाऊन रुळातली एक खडी उचलली, रुमालात गुंडाळली आणि तिने गजऱ्यावर (पुडीच्या वेणीसारख्या काठावर) ठोकून ठोकून तबला लावला. हे मला तलावपाळीला सांगितलेलं. पण त्या दिवशी काकांनी ती गाठ सोडली आणि आतून खरोखरची खडी निघाली, काळी, एका बाजूने घासून गुळगुळीत झालेली. नवी हातोडी दुसऱ्याच दिवशी घेतली म्हणे, पण दगड टाकवेना. मी म्हटलं काका यानेच लावून दाखवता का. आधी नको नको म्हणाले, मग पेटीवाल्यांनी काळी एकचा सूर धरला आणि काकांनी लावला. मग हातोडीने. फेडर भाऊ तुम्ही सांगितलेल्या जागी माइक होता, दोन्ही आवाज स्वच्छ आलेत, हातोडीचा टणटणीत आणि दगडाचा रुमालामुळे बसका, ठप्प, ठप्प, आणि मधे काका बोटाने चाटीवर (पुडीच्या कडेवर) 'ना' हा बोल मारून बघतायत.

तो तुकडा सहाला लावला. काका ऐकत होते आणि लगेच म्हणाले "चूक! कल्याण नव्हतं, बदलापूर." पेटीवाले म्हणाले कल्याणच. यावर लाइव्ह भांडण, चार मिनिटं. काचेपलीकडे मॅडमनी हात हलवला नाही, त्या हसत होत्या. मग तीनतालात वीस मिनिटं वाजवलं, मधे एक तिहाई समेवर आलीच नाही, काका स्वतःच "गेली" म्हणाले माइकमध्ये.

सात वाजले तरी कल्याण की बदलापूर ठरलं नव्हतं, तानपुरा सोडावा लागला. काळी_दोन, तुमचा उपाय चालतो.

---

नौपाडेकर_जुने

क्लिप टाक ना.

---

ट्रान्सहार्बर_प्रवासी

कागदावर सही बाकी आहे ताई. काका म्हणाले आधी सुनेला वाचायला देतो, आणि "कल्याण" हा शब्द काढून टाकणार असशील तरच.

---

काळी_दोन

काढू नका. पेटीवाल्यांची पण सही लागेल त्याला.